दाराविना कोठार

मंडळी, ज्या कोठारात गावाचे वर्षाचे भात साठते, त्याला दार का नसावे? चौकट आहे, बिजागऱ्यांच्या खुणा आहेत, आत पुरुषभर उंचीची रास आहे. दार मात्र नाही, आणि गाव ते बसवूही देत नाही.

असे सांगतात की, पूर्वी खारबेटाच्या या ख्रिस्ती देवळाचे कोठार बस्त्याव नावाच्या गृहस्थाकडे होते. सुगीला प्रत्येक घर आपला वाटा येथे आणून घाली. अडलेल्याने एका दिवसापुरते न्यावे, असा नेम होता. बस्त्याव चोर नव्हता, हे ध्यानात ठेवा. तो उद्याला भिणारा होता.

एका वर्षी दिवाळी उलटल्यावर वादळ झाले आणि समुद्राने खाडीचा बांध फोडला. होड्या वाहून गेल्या, घरे बुडाली. साठ माणसे देवळाच्या उंच जोत्यावर चढली आणि तेथेच कोंडली गेली. चहूकडे गढूळ पाणी, वर न उघडणारे आभाळ. त्यांत बस्त्यावची थोरली भावजय, विधवा कातरीन होती. तिची सून चार दिवसांची बाळंतीण. दुसऱ्या दिवशी सुनेचे दूध आटले. बाळ रडेनासे झाले. नुसते तोंड उघडी आणि मिटी.

कातरीन कोठारापाशी गेली. बस्त्याव आत जाऊन बसला होता आणि दाराला आतून अडसर होता. वरच्या झरोक्याकडे पाहून ती म्हणाली, "भावोजी, शेरभर भात द्या. सुनेला पेज करते."

"आज दिलं तर उद्या काय, वयनी? साठ तोंडं आहेत."

"उद्याचं मागायला आपल्याला शिकवलंय कुठं? आजची भाकर दे, एवढंच म्हणतो आपण."

"प्रार्थनेनं भाकर फुगत नाही. कुणीतरी किल्ली सांभाळावी लागते."

"सांभाळा तर मग. देवाचं कोठार तुमच्या कमरेला मावायचं नाही."

ती परतली. बोलणे सोपे, त्या बाळाचे तोंड पाहणे कठीण. ती जोत्याच्या कडेला बसली आणि एकच मागत राहिली : आजचा दिवस.

पहाटे भरती आवाराच्या गडग्यावरून आत आली. ओहोटीला पाणी दगडांच्या फटींतून निघून गेले आणि फरशीवर बोय मासे तडफडत राहिले. पाद्रीबाबांनी आपली खाट फोडून वेदीवरच्या मेणबत्तीने विस्तव केला. सुनेच्या पोटात कालवण गेले. सांजेला बाळ रडले. त्या रडण्याने कातरीनलाही रडू फुटले. पुढे रोज भरती येई आणि साठांना पुरतील एवढेच मासे ठेवून जाई.

कातरीन भाजलेला मासा घेऊन झरोक्याखाली गेली. "भावोजी, मासा आणलाय. दार उघडा, आमच्यात या."

"दार उघडायची युक्ती चांगली आहे, वयनी!"

मासा झरोक्यात ठेवून ती परतली. दुसऱ्या दिवशीही ठेवला. तिसऱ्या दिवशी आतून हाक आली, "वयनी, दार उघडत नाही."

कोठारात पाणी शिरून भात फुगले होते. दार आत उघडणारे. रास कोसळून त्यावर रेलली होती. पुरुषांनी खांदे लावले, सागवान तसूभर हलले नाही. गावाच्या कुऱ्हाडी नि पहारी बस्त्यावनेच जपून आत ठेवल्या होत्या, त्या राशीखाली गाडल्या गेल्या. कातरीन झरोक्याखाली बसून प्रार्थना म्हणू लागली. आतला आवाज तिच्यासंगे 'आमची रोजची भाकर' इथपर्यंत येई आणि थांबे.

चौथ्या दिवशी मासा झरोक्यात तसाच राहिला.

पाणी ओसरल्यावर पैलतीरावरून कुऱ्हाड आली. बस्त्याव छातीपर्यंत भातात रुतून उभाच सापडला. भाताला हिरवे मोड आले होते. किल्ली कमरेला होती.

आजही येथे सुगीचे भात येते. आजही ज्याला उणे पडते तो येतो, एका दिवसाचे मापून नेतो, आणि त्याला कोणी विचारत नाही. दार मात्र बसवले नाही. बस्त्याव सापडला त्या दिवशी शवपेटीपुरतेही दुसरे लाकूड गावात उरले नव्हते. त्या दाराच्याच फळ्या जोडून त्याला पुरले. तो अजून त्याच दाराआड आहे.