माहेरी न गेलेले मासे

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या काठावर एक गाव होते. गावाला लागून नदीचा खोल डोह होता आणि डोहाच्या काठी डोहाईचे लहानसे देऊळ. देवळात एक गुरव पूजा करी. त्याला बायकोमुले नव्हती. डोहातले मासे हेच त्याचे गोत होते.

मासे हातभर लांबीचे, सोनेरी खवल्यांचे होते. ते देवीचे म्हणून डोहात कुणी जाळे किंवा गळ टाकत नसे. सकाळची पूजा आटोपली की गुरव पायरीवर बसून पाण्यात चुरमुरे टाकी. मासे वर येत आणि त्याच्या बोटांना तोंड लावत. त्यांत फाटक्या शेपटीची एक मोठी मादी होती. ती आली की गुरव म्हणे, "काल रुसली होतीस ना? आज बरी आठवण झाली."

आषाढात मात्र डोह रिकामा होई. पुराचे पाणी आले की सगळे मोठे मासे प्रवाहावर चढून वरच्या ओढ्यात जात आणि भाद्रपद सरता सरता परतत. तो ओढा वरच्या गावातून वाहत होता. तिथे डोहाईचा नेम चालत नसे. चढणीचे मासे दिसले की वरच्या गावचे लोक टोपल्या घेऊन ओढ्यात उतरत.

एका वर्षी ती फाटक्या शेपटीची मादी परत आली नाही. गुरव आठ दिवस पायरीवर वाट बघत बसला. नवव्या दिवशी तो वरच्या गावच्या पाटलाकडे गेला.

"पाटील, ते देवीचे मासे आहेत," तो म्हणाला.

"डोहात असतील देवीचे. इथं आले की आमचे पाहुणे," पाटील हसला. "आणि पाहुण्याला आम्ही जेवणाच्या पानावर घेतो."

गुरवाचे डोळे भरून आलेले पाहून पाटलाने हसू आवरले. "बरं, ऐक. मासे वर असतात ते दोन-अडीच महिने आमचं कुणी ओढ्यात उतरणार नाही. शब्द देतो. पण डोहाईच्या जत्रेत पहिला नारळ आमचा फुटला पाहिजे. डोहाचं पाणी आमच्या शिवारातून येतं, आणि दर साली आम्ही उन्हात शेवटी उभे."

गुरवाने हे गावाला सांगितले. लोक चिडले. "पहिला नारळ? आज्यापणज्यापासूनचा मान आहे तो आपला. उद्या पालखी मागतील."

त्या वेळी गुरव दोन शब्द बोलला असता, तर कदाचित गावाने ऐकले असते. पण पहिला नारळ त्याच्याच घराण्याच्या हातून फुटत आला होता. त्याने नारळाचा विषय बाजूला सारला. मग म्हणाला, "त्यांच्या दारात कशाला जायचं? मासे वर जाऊच दिले नाहीत तर?"

ही गोष्ट सगळ्यांना पसंत पडली. नदी जिथून डोहात शिरते तिथे पुरुषभर उंचीचा बांध घालायचा ठरले. पाणी झिरपून खाली येईल, पण मासा वर जाणार नाही. वरून उडी मारू नये म्हणून बांबूची तट्टी लावायची. बांधाला गोटे हवे होते. आपल्या गावाची हद्द संपते तिथवर ओढ्यात गुळगुळीत गोट्यांचा मोठा थर होता. लोकांनी टोपल्या भरभरून तो सगळा उपसून आणला.

काम चालले असताना भोयांची ठकूमावशी तिथे आली. ती खालच्या अंगाला, डोहापासून लांब, नदीत मासे धरून पोट भरी. बांध बघून ती थबकली.

"अरे गुरवा, हे काय मांडलंयस? ते काय गंमत म्हणून वर जातात? बाळंतपणाला जातात ते. वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या फटीत अंडी ठेवतात. ते माहेर त्यांचं. तू वाटही बुजवलीस आणि माहेरची अंथरुणंही उचलून आणलीस."

"मावशी, तुझा जन्म मासे मारण्यात गेला," गुरव म्हणाला. "तू मला मासे राखायला शिकवणार?"

लोक हसले. मावशीने डोक्यावरची पाटी सावरली. "मारणाऱ्याला ठाऊक असावंच लागतं बाबा, मासे कुठून येतात ते. नाहीतर तो उपाशी मरेल," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या आषाढात मासे बांधाशी जमले. ते उसळ्या मारत, तट्टीवर आपटत आणि पुन्हा पाण्यात पडत. गुरव काठावरून कौतुकाने बघत होता. "बघा, कसे खेळतायत," तो सगळ्यांना दाखवी. पंधरा दिवसांनी मासे शांत झाले. तट्टीला चिकटलेले सोनेरी खवले गुरवाने प्रसादासारखे गोळा करून देवीपुढे ठेवले.

त्या वर्षी एकही मासा हरवला नाही. पुढच्याही वर्षी नाही. मासे चुरमुरे खाऊन लठ्ठ झाले. लांबून लोक ते पाहायला येऊ लागले, जत्रा वाढली. मासे राखावेत तर या गुरवाने, असे जो तो म्हणू लागला.

अशी पुष्कळ वर्षे गेली. एकदा जत्रेत ठकूमावशी आली. आता ती काठी टेकत चालत होती. गुरवाशेजारी पायरीवर बसून ती बराच वेळ डोहाकडे बघत राहिली.

"गुरवा, एक विचारू? ज्याच्या तोंडात चुरमुरा मावत नाही, असा मासा तू शेवटचा कधी पाहिलास?"

गुरव हसला. मग उत्तर द्यायला त्याने पाण्यात पाहिले. मोठे मासे होते. त्यांच्याहून थोडे लहान असे कुणी नव्हते, बोटाएवढे तर नव्हतेच. तो या पायरीवरून त्या पायरीवर गेला, ओणवा होऊन कपारीतून शोधू लागला. परत येऊन तो म्हणाला, "एकही पिलू नाही."

"अजून माद्या आहेत," मावशी म्हणाली. "बांध फोड."

गुरवाला सगळे कळले होते. पण बांध फोडायचा तर गावाला सांगायला हवे होते की आपले चुकले. पाटलाकडे नारळ घेऊन जायला हवे होते. जत्रा तर दुप्पट झाली होती. "पुढच्या वर्षी बघू," तो स्वतःशी म्हणाला. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाला, तिसऱ्या वर्षीही तेच. दर उन्हाळ्यात एखाददुसरा म्हातारा मासा उलटा होऊन तरंगे. गुरव त्याला देवळामागे पुरे आणि कुणाला काही सांगत नसे.

शेवटी डोहात एकच मादी उरली. तेव्हा गुरवाने कुदळ घेतली आणि कुणालाही न विचारता बांधावर पहिला घाव घातला. आवाज ऐकून गाव धावून आले. गुरव म्हणाला, "तुम्ही मला मासे राखणारा म्हणता. मी त्यांचा वंश बुडवला." कुणी त्याला अडवले नाही. थोड्या वेळाने एकेक जण खाली उतरला आणि गोटे उचलू लागला.

गुरव मानाचा नारळ घेऊन वरच्या गावी गेला. पाटीलही आता म्हातारा झाला होता. त्याने नारळ हातात घेतला, वजन केल्यासारखा तोलला आणि परत दिला.

"देवीचे मासेच गेले, आता कुणापुढे फोडू?" तो म्हणाला. "चूक तुझ्या एकट्याची नाही. मी नारळ न मागता हो म्हटलं असतं, तर माझं काय गेलं असतं?"

पाटलाने गावातल्या टोपल्या मागवल्या. एके काळी त्याच टोपल्यांनी चढणीचे मासे धरले जात. दोन्ही गावांनी मिळून सगळे गोटे ओढ्यात परत नेऊन पसरले.

आषाढात ती मादी वर चढली. दोन्ही गावचे लोक काठावर हात जोडून उभे होते. तिने गोट्यांवर घिरट्या घातल्या. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. कुणी सोबतीला आले नाही. चौथ्या दिवशी ती वळली आणि मोकळ्या वाटेने डोहात परत गेली. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ती चुरमुरे खायला आली नाही.

आता डोहापासून ओढ्याच्या उगमापर्यंत कुणी मासा धरत नाही. गोट्यांमध्ये दुसऱ्या जातीचे बारीक, काळसर मासे दिसू लागले आहेत. पुराबरोबर ते डोहातही उतरतात. म्हातारा गुरव अजून पायरीवर बसतो. त्यांच्या तोंडात मावावेत म्हणून तो एकेका चुरमुऱ्याचे नखाने चार तुकडे करतो. ते टाकताना त्याची नजर मात्र त्यांच्या पलीकडे, डोहाच्या खोल भागात, काही सोनेरी हलते का ते बघत असते.

तात्पर्य: जीव राखायचा तर त्याची जाण्यायेण्याची वाटही राखावी लागते. आणि चूक कळली त्याच दिवशी ती सुधारावी, कारण आपण मानापानात घालवलेली वर्षे नदी परत देत नाही.