सुईण परकी भाषा शिकते

घाट जिथे उतरतो तिथे, डोंगराच्या कुशीत, फार वर्षांपूर्वी एक गाव होतं आणि त्या गावात एक सुईण राहत होती. वय पंचेचाळिशीच्या पुढचं. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे सगळे तिला मावशी म्हणत.

दर हिवाळ्यात डोंगरापलीकडच्या देशातून लोकरीचे व्यापारी बायकामुलांसह येत आणि घाटातलं बर्फ वितळेपर्यंत धर्मशाळेत राहत. त्यांची भाषा गावात कुणालाच येत नसे. सगळा बाजार बोटांच्या खुणांवर चाले.

एका हिवाळ्यात त्यांच्यातली एक बाई धर्मशाळेत बाळंतपणात अडली. सुईणीनं आपली सगळी विद्या पणाला लावली. बाई सारखी उठू बघत होती, कळवळून काही सांगत होती. सुईण तिला खांदे धरून पुन्हा पुन्हा आडवी करत होती, कारण गावात बाळंतिणीला निजवायचीच रीत होती. बाळ वाचलं. आई गेली.

"घाबरली होती बिचारी," घरी आल्यावर सुईण शेजारणीला म्हणाली. "परका मुलूख, परकी माणसं. तिच्या भाषेत धीराचे दोन शब्दही मला बोलता आले नाहीत."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी उठली आणि ती भाषा शिकायचीच, असं ठरवून धर्मशाळेत गेली.

दोन्ही भाषा येणारं, शिकवणारं कुणी नव्हतं. पण तिथल्या रखवालदाराकडे एक चोपडी होती. कुण्या दलालानं कधीकाळी लिहून ठेवलेली. डावीकडे परके शब्द आपल्या लिपीत, उजवीकडे अर्थ. 'लोकर ओली आहे.' 'खेचराला चारा हवा.' 'हा गठ्ठा कुणाचा?' बाळंतपणाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

रखवालदार हसून म्हणाला, "मावशी, खेचराचं बाळंतपण करणार की काय?"

"करीन की! चारा हवा का, एवढं तर विचारता येईल त्याला."

सुईणीला अक्षरओळख होती. तिनं चोपडी घरी आणली आणि घरभर कोळशानं शब्द लिहून टाकले: चुलीपाशी आग, रांजणावर पाणी, खुंटीखाली दोर. एकेका शब्दाचं तिला नवल वाटे. त्या लोकांकडे मेंढीला तिच्या वयाप्रमाणे पाच नावं होती आणि आंब्याला एकही नव्हतं. मग ही माणसं उन्हाळ्यात वाट तरी कशाची बघत असतील, याचा तिनं दोन दिवस विचार केला.

पुढच्या हिवाळ्यात व्यापारी आले तेव्हा तिनं शरीराचे शब्द गोळा करायला घेतले. एका जाडजूड व्यापाऱ्याच्या पोटावर तिनं बोट ठेवलं. त्याला वाटलं, बाईला भूक लागली आहे. त्यानं मूठभर जर्दाळू दिले. ते खाऊन तिनं पुन्हा बोट ठेवलं. तिसऱ्या मुठीनंतर एकदाचा 'पोट' हा शब्द मिळाला.

अशा शब्दांची जुळवाजुळव करून तिनं वीस वाक्यं बसवली. 'घाबरू नकोस.' 'मी आहे ना.' 'लांब श्वास घे.' 'झालंच आता.' शेळीची धार काढताना ती त्यांची उजळणी करी.

"कळतं का गं तिला?" शेजारीण कुंपणावरून विचारी.

"तुझ्यापेक्षा बरी आहे. मध्ये तोंड घालत नाही."

धर्मशाळेत जाऊन तिनं एखादं वाक्य म्हटलं की परकी माणसं हरखून जात आणि भराभर काहीबाही बोलू लागत. तिला त्यातलं काही उमगत नसे. ती हसून मान डोलवी आणि वाटेला लागे. 'मला समजलं नाही' हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात, ते तिनं कधी विचारलं नाही. जिची भाषा ऐकून सगळे वाहवा करतात, तिनं असं विचारायचं म्हणजे लाजच.

तिसऱ्या हिवाळ्यात, एका दुपारी, रखवालदार धावत आला. "मावशी, चल! पुन्हा एक अडली आहे."

सुईण निघाली. शेजारीण आणि आणखी दोघी मागोमाग आल्या. सुईणीनं बाळंतिणीला निजवलं, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाली, "घाबरू नकोस. मी आहे ना."

बाळंतिणीचे डोळे विस्फारले. तिनं सुईणीचा हात घट्ट धरला आणि एका दमात पुष्कळ बोलून गेली.

सुईणीनं मान डोलवली. "लांब श्वास घे," ती म्हणाली.

"बघा गं, कशी फाडफाड बोलते!" शेजारीण कौतुकानं म्हणाली.

वेळ जात होता. बाळ पुढे सरकत नव्हतं. बाळंतीण उठू बघत होती, तेच तेच पुन्हा सांगत होती. सुईणीचे हात सवयीनं तिच्या खांद्यांवर गेले.

"अगं, अजून बोल ना तिच्याशी," शेजारीण म्हणाली. "बोललीस की शांत होईल."

सुईणीची वीसही वाक्यं बोलून झाली होती. आता तिला दिसलं, ही बाई मुळीच घाबरलेली नव्हती. ती रागावली होती. सुईणीनं तिचे खांदे सोडले. सगळ्यांसमोर तिनं आपल्या कानाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली: नाही. कळत नाही.

"इश्श! म्हणजे येत नाही होय तुला?" मागून कुणीतरी म्हणालं.

बाळंतिणीनं तिची खूण पाहिली. मग एक शब्द म्हणाली. सावकाश. मग दुसरा.

दोन्ही शब्द चोपडीत होते, गठ्ठे बांधायच्या पानावर. उभं. दोर.

"आढ्याला दोर बांधा," सुईण म्हणाली. "हिला उभी करा."

"उभी? अगं, काहीतरीच काय!"

"बांधा म्हणते ना!"

दोर बांधला. बाळंतीण उठली, दोर दोन्ही हातांनी धरून गुडघ्यांत वाकली आणि सगळा भार तिनं त्याच्यावर टाकला. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत बाळ सुईणीच्या हातात आलं. मुलगी होती. आईही सुखरूप होती.

सुईण बाहेर आली आणि बराच वेळ हात धूत राहिली. शेजारीण पाणी ओतत होती.

"ती पहिली," सुईण म्हणाली, "तीही हेच सांगत होती."

"तुला कसं कळणार? भाषा कुठे येत होती तेव्हा?"

"भाषा नव्हती. पण ती काय सांगते आहे, ते मी परस्पर ठरवून टाकलं होतं. दोन वर्षं मी त्याचंच उत्तर पाठ करत बसले."

शेजारणीनं तांब्या पुन्हा भरून आणला.

दुसऱ्या दिवशी सुईण चोपडी घेऊन बाळंतिणीपाशी बसली. खुणा करकरून तिनं तिच्याकडून एकच वाक्य मागून घेतलं. तीनदा चुकली, बाळंतीण तीनदा हसली. चौथ्यांदा जमलं, तेव्हा सुईणीनं ते लिहून घेतलं. मग बाळंतीण मांडीवरच्या मुलीकडे बोट दाखवून उत्साहानं काही सांगू लागली.

सुईणीची मान डोलणारच होती, पण तिनं ती आवरली.

"मला समजलं नाही," ती त्या भाषेत म्हणाली.

बाळंतीण थांबली, मुलीला तिनं नीट छातीशी घेतलं आणि पहिल्यापासून, सावकाश सांगू लागली.

तात्पर्य: आपलं म्हणणं दुसऱ्याच्या भाषेत सांगता आलं म्हणजे अर्धीच भाषा आली, उरलेली अर्धी 'मला समजलं नाही' असं न लाजता म्हणणाऱ्यालाच येते.