धनेश आणि मोहाचे डबके

मुलांनो, सागाची पाने गळून रान उघडेबोडके होते ना, त्या दिवसांतली ही गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात धनेश पक्ष्याचे एक जोडपे राहत असे. धनेशांची रीत जगावेगळी. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर काढता येईल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसे झडतात, तिला उडता येत नाही. पिल्ले मोठी होईपर्यंत तिचे आणि पिल्लांचे पोट एकट्या नराच्या भरवशावर असते.

बेहड्याच्या ढोलीत शेवटचा चिखल लावताना धनेशीण म्हणाली, "अहो, आता आमचं सगळं तुमच्यावर." धनेश म्हणाला, "तू निर्धास्त राहा." आणि सुरुवातीला त्याने खरोखरच कसूर केली नाही. उजाडले की नाल्यापलीकडच्या उंबरावर जायचे, गळाभर फळे आणायची आणि फटीतून एकेक फळ तिच्या चोचीत द्यायचे. अंड्यांतून दोन पिल्ले बाहेर आली, तशा त्याच्या खेपा वाढल्या. उन्हाने पंख भाजून निघत.

उंबराच्या वाटेवर मोहाचे एक झाड होते. त्याची फुले खडकातल्या खळग्यात गळत, पाण्यात आंबत. त्या नशिल्या पाण्याचे तिथे डबकेच साचले होते. एका दुपारी डबक्याकाठी पसरलेल्या कोल्ह्याने हाक मारली, "अरे धनेशा, किती राबशील? एक घोट घे, शीण कुठल्या कुठे पळेल!" धनेशाने एक घोट घेतला. आणि मुलांनो, कोल्हा खोटे बोलला नव्हता. शीण खरेच पळाला. त्या दिवशीची खेप मोठ्या जोमात झाली. म्हणून तर दुसऱ्या दिवशी धनेश पुन्हा तिथे उतरला. कोल्ह्याने त्याला एकदाच बोलावले. पुढे बोलवावे लागलेच नाही.

हळूहळू शीण नसला तरी तो उतरू लागला, आणि उतरला नाही तर त्याचे पंख थरथरू लागले. सकाळची खेप दुपारवर गेली, दुपारची होईनाशी झाली.

"अहो, आज इतका उशीर?" धनेशिणीने विचारले.

"उंबराला फळंच राहिली नाहीत. माकडांनी झाड धुऊन नेलं."

"तुमच्या चोचीला आंबूस वास येतोय."

"सडकं फळ लागलं असेल! दिवसभर उन्हात वणवण करायची आणि वर तुझ्या चौकशा ऐकायच्या!"

फटीतून तिला आभाळाचा एक तुकडा तेवढा दिसे. उंबरावर फळे आहेत की नाहीत, हे ती कुठून पाहणार? त्याने आणलेली चार फळे तिने पिल्लांना भरवली आणि स्वतः उपाशी राहिली.

मग एके दिवशी धनेश डबक्याकाठीच लवंडला. शुद्धीवर आला तेव्हा दुसऱ्या दिवसाचे ऊन चढले होते. धडपडत तो ढोलीपाशी पोहोचला, तर फटीतून चोच बाहेर आली नाही. आत एकाच पिल्लाचा आवाज येत होता.

"धाकटं गेलं," आतून ती म्हणाली. "माझ्या पंखाखालीच गेलं. मी तुम्हाला हाका मारत होते."

धनेश ढसाढसा रडला. "तुझी शपथ," तो म्हणाला, "पुन्हा त्या डबक्याकडे ढुंकून बघणार नाही." ही शपथ घेताना त्याच्या मनात काडीचे कपट नव्हते. तरी ती टिकली नाही. धाकट्याची आठवण सोसवेना, म्हणून तो पुन्हा डबक्यात चोच बुडवून बसला.

त्या दिवशी धनेशिणीने चिखलाची भिंत स्वतःच फोडली. अर्धेमुर्धे पंख फडफडवत ती खाली पडली, काट्याकुट्यांतून चालत किडे-मुंग्या वेचू लागली आणि फांदी-फांदीने वर चढून थोरल्याला भरवू लागली. धनेश परतला तेव्हा तिने मान वळवूनही पाहिले नाही. "फळं ठेवा, नाहीतर नका ठेवू," ती म्हणाली. "आम्ही वाट बघणं सोडलंय."

टेकडीवरच्या वडावर एक म्हातारा वानर एकटाच राहत असे. धनेश त्याच्याकडे गेला. "बाबा, मी शपथ मोडली. माझ्यासारखा नीच कोणी नाही."

"नीच आहेस की नाही, ते मागाहून बघू," वानर म्हणाला. "आधी तू आजारी आहेस. मीही त्याच डबक्यातला. माझा कळप मला टाकून गेला. शपथा मी तुझ्याहून जास्त घेतल्या असतील."

"मग सुटलात कसे?"

"वाट बदलली. तू उंबराला टेकडीवरून वळसा घालून जा. लांब पडेल, पडू दे. तहान लागली की एकटा राहू नकोस, इथे ये. आणि जन्मभराचं बोलू नकोस. आजचं बोल."

धनेश वळशाने जाऊ लागला. अंग कापे, गिळलेले फळ उलटून पडे, स्वप्नातही तो वास येई. तहान अनावर झाली की तो वडावर जाऊन बसे. एकदा तो पुन्हा घसरला आणि मान खाली घालून वानरापुढे उभा राहिला.

"कधी?" वानराने विचारले.

"काल."

"मग आज वळशाने जा."

असे करता करता पुढचा उन्हाळा आला. धनेशाचे पंख आता थरथरत नव्हते. तो रोज फळे आणी. थोरले पिल्लू ती खाऊन मोठे झाले आणि थव्यात उडून गेले. आता सारे पूर्वीसारखे होईल, असे धनेशाला वाटले. त्याने एक नवी ढोली शोधली, साफ केली आणि धनेशिणीला दाखवली.

तिने ढोलीत डोकावून पाहिले. "तुम्ही सुटलात, मला दिसतंय," ती म्हणाली. "माझा रागही गेला. पण त्या अंधारात पुन्हा स्वतःला कोंडून घ्यायचं आणि तुमच्या पंखांची चाहूल घेत बसायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही." आणि ती डोंगरापलीकडे उडून गेली.

मोहाला तेव्हा बहर होता. वाऱ्याबरोबर वास टेकडीपर्यंत येत होता. त्या दिवशी लागली तशी तहान धनेशाला कधीच लागली नव्हती. तो वडावर गेला.

"बाबा, ती येणारच नव्हती, तर मी हे सोडलं कशाला?"

वानर म्हणाला, "माझा कळपही परत आला नाही."

"मग?"

"मग काही नाही. बस इथे."

धनेश बसला. ऊन उतरेपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले. मग तो उठला आणि वळशाच्या वाटेने उंबराकडे निघाला, एकट्याच्या पोटापुरती फळे आणायला.

तात्पर्य : व्यसन शपथेने सुटत नाही, ते रोज नव्याने सोडावे लागते, आणि सुटले तरी त्यापायी गमावलेले परत मिळतेच असे नाही.