ताल चुकवणारी धुरपा

काळेबोर गावाला तेव्हा चाळीस उंबरे होते आणि नदीला उन्हाळ्यातही पाणी असायचं. ते किती वर्षांपूर्वीचं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. त्या काळात गावाच्या अगदी शेवटच्या घरात धुरपा नावाची बाई राहायची. तिचा नवरा कोंडीबा मारुतीच्या देवळात भजनाला टाळ धरायचा. कोंडीबा गेला आणि त्याचा टाळ धुरपेकडे राहिला. सुताच्या दोरीत ओवलेल्या पितळेच्या दोन वाट्या, एवढंच.

धुरपेची एकच इच्छा होती. कोंडीबा बसायचा त्या खांबाजवळ आपण बसावं आणि त्याचा टाळ भजनात वाजावा. पण धुरपेला ताल धरता यायचा नाही. सगळे टाळ एकत्र पडले की तिचा मागून पडायचा, नाहीतर आधीच पडून गेलेला असायचा. असं म्हणतात, की ती दळायला बसली तर जातंसुद्धा अडखळायचं.

भजनाचे पुढारी होते येसाजी पाटील. गळा गोड आणि जीभ तिखट. धुरपा शनिवारच्या भजनाला बसायला लागली, त्याच्या तिसऱ्या शनिवारी त्यांनी अभंग मध्येच थांबवला.

"धुरपे, टाळ वाजवतीस का भांडी आपटतीस?"

देवळात हशा पिकला.

"शिकंन की पाटील हळूहळू."

"तू शिकंपतुर आम्ही विसरून जाऊ. घरी जा बाय. आन् टाळ दे कुणातरी वाजवणाऱ्याला."

धुरपा घरी गेली. टाळ तिनं कुणाला दिला नाही.

त्या वर्षी ज्वारी अशी आली होती, की उभ्या पिकात उंटावरचा माणूस दिसत नव्हता, असं म्हणतात. दाणा हुरड्यात आला आणि भोरड्या आल्या. भोरडी म्हणजे गुलाबी पोटाचं, काळ्या डोक्याचं पाखरू. दर हिवाळ्यात ती थव्यानं यायची, थोडं खायची आणि जायची. पण त्या वर्षीचा थवा एवढा मोठा, की भर दुपारी अंधारून आलं आणि कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. लोक गोफणी फिरवून दमले. ओरडून ओरडून घसे बसले. थवा एका शेतातून उठायचा आणि दुसऱ्यात बसायचा. असं पंधरा दिवस चाललं असतं तर गावाला वर्षभर खायला दाणा उरला नसता.

मग पाटलांनी लांबच्या पेठेतून नागेशबुवांना आणलं. बुवा चाळीस वर्षं पखवाज वाजवत होते. त्यांचा हात असा, की साध्या नगाऱ्यावरही पखवाजाचे बोल स्पष्ट उमटायचे. शिवाराच्या मधोमध उंच माळा बांधला, देवळातला नगारा वर चढवला आणि बुवा वाजवायला बसले.

पहिल्या दिवशी थवा नदीपार पळाला. दुसऱ्या दिवशीही पळाला. तिसऱ्या दिवशी मात्र भोरड्यांना ताल कळला. तालाचा फेरा जिथून निघतो आणि जिथं परत येतो, त्या जागेला सम म्हणतात. तिथं घाव जोरात पडतो. थवा बरोबर समेवर उठायचा, लगेच खाली बसायचा, पुढच्या समेपर्यंत निवांत दाणे टिपायचा आणि समेवर पुन्हा उठायचा. बुवांनी ताल बदलला. दिवस कलायच्या आत भोरड्यांनी तोही शिकून घेतला.

"बुवा, आमच्या भजनकऱ्यांपेक्षा ह्या बऱ्या हो!" पाटील खालून म्हणाले.

"पाटील, असे शिष्य मला चाळीस वर्षांत मिळाले नव्हते," बुवा म्हणाले आणि नगाऱ्यावर कोपरं टेकून बसले.

तेवढ्यात माळ्यावरून त्यांना दिसलं, की शिवाराच्या टोकाला एका तुकड्यावर एकही पाखरू नाही. बुवा उतरले आणि तिकडे चालत गेले. तिथं कमरेएवढ्या माळ्यावर धुरपा बसली होती. तिनं आडव्या बांबूला नांगराचा मोडका फाळ, तवा, फुटकी घागर आणि बैलाची घंटा टांगली होती. हातात बाभळीचं दांडकं होतं. बुवा सवयीनं बोटांवर मोजायला लागले. तीन घाव पडले, मग पाच, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक, मग सात. सम कुठं सापडेना.

"बाई, हे काय वाजवता?"

"काय ठावं, बुवा. पाखरू बसाय लागलं की वाजवते."

"पण पुढचा घाव कधी येणार, हे तुम्हाला कसं कळतं?"

"मला कुठं कळतंय? मग त्यास्नी तरी कसं कळंल?"

बुवा बांधावर बसून मोठ्यानं हसले आणि त्यांनी पाटलांना बोलावून आणलं.

"धुरपे, मोठ्या माळ्यावर चढ," पाटील म्हणाले.

"चढते. पण पीक वाचलं तर मी मालकांच्या जागेवर बसणार. त्यांचा टाळ घेऊन."

पाटलांनी शिवाराकडे बघितलं. "बस बाय. कळसावर बसते म्हणलीस तरी बस."

धुरपेनं आपला बांबू सगळ्या सामानासकट मोठ्या माळ्यावर बांधला आणि ती सहा दिवस वाजवत राहिली. थवा उतरायला लागला की पंखांचा आवाज बदलतो. तेवढंच ती ऐकायची आणि हाताला लागेल त्यावर दांडकं मारायची. असं म्हणतात, की तिनं एकदा वाजवलेलं पुन्हा कधीच वाजवलं नाही. बुवा माळ्याखाली बसून असायचे. पहिले दोन दिवस ते मोजत होते, मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. चौथ्या दिवशी तिला भाकरी खायला उसंत मिळावी म्हणून त्यांनी दांडकं हातात घेतलं. थोडा वेळ बरं चाललं. मग त्यांच्या नकळत हात आपोआप समेवर आला आणि सगळा थवा खाली बसला.

"हात शिकलेला आहे, धुरपाबाई. त्याला विसरता येत नाही."

"मग तुम्हीच भाकरी खावा. आणा ते दांडकं इकडं."

सातव्या दिवशी धुरपेचा दंड सुजला. दांडकं उचलता येत होतं, पण मारता येत नव्हतं. आणि थवा आला. धुरपेनं दांडकं वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. भोरड्या कणसांपर्यंत खाली आल्या, घाव पडेल म्हणून वर उठल्या, पुन्हा खाली आल्या, पुन्हा उठल्या. घाव काही पडेना आणि त्यांना बसता येईना. सूर्य मावळेपर्यंत थवा शिवारावर घिरट्या घालत राहिला. मग नदी ओलांडून गेला आणि त्या वर्षी परत आला नाही, असं म्हणतात.

बुवा पाटलांना म्हणाले, "आज तिनं काय वाजवलं, ते मला कळलं. चाळीस वर्षं ह्यात घालवली म्हणूनच कळलं. पण मला ते वाजवता कधीच आलं नसतं."

ज्वारी कणगीत पडली. पाटलांनी शब्द पाळला. शनिवारी दिवेलागणीला धुरपा खांबाजवळ बसली. बुवा पखवाज घेऊन समोर बसले. अभंग सुरू झाला आणि धुरपेचा टाळ नेहमीसारखा मागून पडला. ह्या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिला ते जास्त लागलं.

"पाटील, तुमचं काय न्हाई चुकलं," ती म्हणाली. "पर माझं मलाच ऐकवंना. येते मी."

बुवांनी पखवाजावरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

"बसा, धुरपाबाई. पाटील, तुम्ही म्हणा पुढं."

"आन् ताल?"

"ह्या अभंगाला नाही. ज्यानं त्यानं शेजाऱ्याचं ऐकून वाजवावं."

आधी तांबटआळीसारखा नुसता गोंगाट झाला. मग हळूहळू निवळलं. पुढचा टाळ कधी पडेल हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळे कान देऊन ऐकायला लागले. इकडं एक टाळ वाजायचा, तिकडं एक, माळावर लांब लांब चरणाऱ्या गुरांच्या गळ्यात वाजावं तसं. त्यातून पाटलांचा आवाज सावकाश वाट काढत गेला. धुरपेचा टाळ आता मागं पडत नव्हता, कारण मागं पडायला पुढं कुणी नव्हतंच. अभंग संपताना बुवांनी पखवाजावर एकच थाप दिली आणि देवळातले सगळे टाळ एकदम पडले. धुरपेचासुद्धा. असं म्हणतात, की जन्मात तेवढा एकच घाव तिचा समेवर पडला.

तिनं टाळ पदरानं पुसला आणि पुढच्या अभंगासाठी बसून राहिली.

काळेबोरात अजूनही शनिवारच्या भजनात एक अभंग तालाशिवाय म्हणतात. त्याला धुरपेची बारी म्हणतात. ज्यांना ताल येत नाही ते सगळे त्या वेळी पुढे येऊन बसतात, आणि ज्याच्या हाताशी जे असेल ते तो वाजवतो. परगावचे पाहुणे पहिल्यांदा हसतात. पखवाजवाला तेवढा वेळ हात मांडीवर ठेवतो आणि शेवटी एकच थाप देतो. गावात नवा पखवाजवाला आला, की तो कितीही तयार असो, त्याला आधी हेच शिकवतात. थाप पहिल्याच दिवशी जमते. हात मांडीवर ठेवायला तीन वर्षं लागतात, असं म्हणतात.