केरबाचा एकजीव मिक्सर

एका गावात केरबा नावाचा एक मिस्त्री राहायचा. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. हात सोन्यासारखा, पण स्वभावानं फार भोळा. कुणी वैतागून "डोकं खाऊ नकोस" म्हणालं, तर तो म्हणायचा, "छे, मी घरून जेवून आलोय."

केरबाच्या आईचे सगळे दात पडले होते. तिला ओल्या खोबऱ्याची चटणी लागायची. दात नव्हते म्हणून चटणी अगदी बारीक हवी. आणि घरातल्या मिक्सरमध्ये कितीही फिरवली तरी खोबऱ्याचे तुकडे राहायचे. महिनाभर दूधभात खाऊन आई कंटाळली. तिनं गाठोडं बांधलं.

"रविवारपर्यंत बघते," ती म्हणाली. "नाहीतर लेकीकडे जाते. तिच्याकडे पाटा आहे."

केरबानं गाठोडं धरून ठेवलं. आईशिवाय तो एक दिवस राहिला नव्हता. तो म्हणाला, "आई, थांब. मी मिक्सरच असा करतो की एक कण राहायचा नाही."

त्यानं बायकोला विचारलं, "हौसा, तुकडे का राहतात गं?"

हौसा म्हणाली, "अहो, पातं तळाला आणि खोबरं वर. वरचं खाली आलं पाहिजे."

"एवढंच ना? आधी सांगायचं," केरबा म्हणाला.

त्यानं खोबरं घातलं, बटण दाबलं. मग चालू मिक्सर दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला. वरचं खाली आलं. झाकणही खाली आलं. चटणी आईच्या मांडीवर आली.

हौसा ओरडली, "अहो, झाकण घट्ट दाबून धरायचं! काही झालं तरी सोडायचं नाही!"

"एवढंच ना? आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी हौसा पाण्याला गेली. जाताना म्हणाली, "चुलीवर दूध झाकून ठेवलंय, लक्ष ठेवा." दूध तापलं. झाकण थडथडायला लागलं. केरबा धावला. त्यानं फडक्यानं झाकण घट्ट दाबून धरलं. दूध चारी बाजूंनी बाहेर आलं. चूल विझली. त्यानं झाकण सोडलं नाही. हौसा परत आली तेव्हा तो तसाच उभा होता, आणि पातेल्यात फक्त साय उरली होती.

हौसानं कपाळावर हात मारला. "अहो, वर आलं की झाकण काढायचं आणि फुंकर मारायची!"

"एवढंच ना? आधी सांगायचं."

तिसऱ्या दिवशी केरबानं मिक्सरमध्ये वाळक्या मिरच्या फिरवल्या. झाकण काचेचं होतं. त्यातून त्याला दिसलं, तिखट अगदी वरपर्यंत आलंय. त्यानं झाकण काढलं आणि छाती भरून फुंकर मारली.

पुढची पंधरा मिनिटं त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. सगळे शिंकत होते. आई शिंकता शिंकता गाठोड्यापर्यंत पोचली. शेजारच्या इंदुमती वहिनी घागर घेऊन धावत आल्या आणि सगळ्यांच्या तोंडावर पाणी मारलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "भुकटी उडाली की आधी घागरभर पाणी ओतायचं, कळलं?"

"एवढंच ना? आधी सांगायचं."

चौथ्या दिवशी त्याच वहिनी डबा घेऊन आल्या. "भावजी, लाडवांसाठी एवढी साखर दळून द्या." केरबानं साखर दळली. झाकण काढल्यावर पिठीसाखर जराशी उडाली. केरबानं जराही वेळ घालवला नाही. घागर उचलली आणि ओतली.

वहिनी मिक्सरमधल्या पाकाकडे बघत राहिल्या. "अहो, पाणी कशाला ओतलंत?"

"भुकटी उडाली," केरबा म्हणाला.

वहिनींनी मोठा श्वास घेतला. त्या मनानं चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही फक्त चटणीचं बघा. चटणी कडेला चिकटते ना? मग भांडं बाहेरून ठोकायचं. आतलं आपोआप मधे पडतं."

"एवढंच ना? आधी सांगायचं."

रविवार उजाडला. आई गाठोडं घेऊन उंबऱ्यात बसली होती. केरबानं भांड्यात खोबरं घातलं, आणि मोटारी दुरुस्त करायचा हातोडा आणला. चारी बाजूंनी ठोकलं. मन लावून ठोकलं. स्टीलच्या भांड्याला आतून टेंगळं आली.

"माझ्या माहेरचं भांडं!" हौसा रडायला लागली.

पण केरबानं बटण दाबलं होतं. आणि आत काहीतरी वेगळंच झालं. एरवी कडेकडेनं गोल गोल पळणारं खोबरं टेंगळांवर आपटलं, मागे फिरलं आणि पात्यावर पडलं. पुन्हा उडालं, पुन्हा आपटलं, पुन्हा पात्यावर. चटणी लोण्यासारखी झाली.

आईनं बोटभर चाखली. तोंडात फिरवली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"भाकरी वाढ गं हौसा," आई म्हणाली, आणि तिनं गाठोडं सोडलं.

केरबा आईच्या शेजारी बसून रडला. मग दोन भाकऱ्या जेवला.

ही बातमी तालुक्याला गेली. तिथं मिक्सरचा एक कारखाना होता. तिथल्या परुळेकर मॅडम स्वतः मोटारीनं आल्या. त्यांनी भांड्यात बोट फिरवलं, टेंगळं मोजली, चटणी खाल्ली. मग म्हणाल्या, "केरबा, असं भांडं आम्ही कधी बघितलं नाही. हे तुमच्या नावानं बनवायचं."

"माझ्या नावानं?" केरबानं टोपी काढली.

"हो. पण मोठ्या साहेबांची सही लागेल. प्रत्येक टेंगळाचं माप घ्या, नकाशा काढून घ्या, अर्ज लिहा, फोटो आणा. आणि एक लक्षात ठेवा, साहेबांना पसारा चालत नाही. सगळं नीट एकत्र करून आणा. एकही कागद सुटा राहता कामा नये."

"एवढंच ना? आधी सांगायचं."

केरबा कामाला लागला. शाळेतल्या शेवाळे गुरुजींनी आठ दिवस खपून नकाशा काढला, शाईनं, रेघ न् रेघ. हौसानं दोऱ्यानं एकेक टेंगळ मोजून मापं लिहिली. वहिनींनी झालंगेलं विसरून अर्जाची भाषा सुधारली. आईनं अर्जावर कुंकवाचं बोट लावलं.

ठरल्या दिवशी केरबा धुतलेले कपडे घालून कारखान्यात गेला. मोठे साहेब खुर्चीत बसले होते. मॅडम शेजारी उभ्या होत्या, कौतुकानं हसत.

"आणलंत सगळं?"

"आणलं, मॅडम."

"एकत्र?"

"अगदी एकत्र."

केरबानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि साहेबांच्या पुढ्यात सरकवला. आत राखाडी रंगाचा गुळगुळीत लगदा होता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"नकाशा, मापं, अर्ज आणि फोटो," केरबा म्हणाला. "थोडं पाणी घालून तीनदा फिरवलं. आता साहेब, तुम्हीच सांगा, यातला अर्ज कुठला आणि नकाशा कुठला, ओळखू येतंय का?"