गठुडीसाठी घोडा

"पण बाबा, तिघांतला कुठला?"

हैबतराव पाटलांनी पुन्हा तेच विचारलं. नूरबाबा फकीर नदीकाठच्या दर्ग्याच्या ओट्यावर बसून चिमण्यांना भाकरी चुरून घालत होते. त्यांच्या मागं नवसाचे मातीचे घोडे ओळीनं मांडलेले.

"माझे घोडे हे, पाटील. चंदी-चारा मागत नाहीत, लाथ मारत नाहीत. मला काय कळणार?"

"तुमाला समदं कळतं. तुमी फकस्त नाव घ्या."

पाटलांची घाई खोटी नव्हती. घोडी माजावर आली होती, आणि ती आता म्हातारी व्हायला लागलेली. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अजून एखादं शिंगरू होईल, पुढचं काही खरं नाही. त्यात घोड्यांचा बाजार उद्या उठणार. तिन्ही नर आपापल्या गावी जाणार. आज ठरलं नाही तर आबांच्या, म्हणजे पाटलांच्या वडिलांच्या घोडीचा वंश इथंच बुडाला.

"बरं, सांगा. कसे आहेत तिघं?"

एवढं विचारायचा अवकाश, पाटील खुलले. अंगावरचे केसांचे भोवरे बघून घोडा ओळखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि हे लोकांना सांगायला ते दुसऱ्या कुणाची वाट बघत नसत.

"एक काळा. चारी पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी! दुसऱ्याच्या गळ्याला देवमण. असला भोवरा लाखात एक. तिसरा मारवाडी, ही उंची! कानाला कान भिडत्यात. ढोलकीवर थाप पडली की नाचाय लागतो."

"वा!" बाबा मनापासून म्हणाले. "आणि घोडी?"

"घोडीचं काय?"

"कशी आहे?"

"दिसतीया की समोर."

चिंचेखाली घोडी उभी होती. बुटकी, रुंद, पोट सुटलेलं. तिचं खरं नाव चंद्रा, पण सगळं गाव तिला गठुडी म्हणे. ती चालत यायला लागली की कुणीतरी धुण्याचं बोचकं निघालंय असं वाटायचं.

"मान आखूड," पाटील म्हणाले. "पाय आखूड. चालीत डौल न्हाई. बाजारात हिच्यावर बसून गेलो तर पोरं हसत्यात. म्हणून तर उंच नर पायजे."

"आणखी?"

"आणखी काय... काय न्हाई."

बाबांनी हात झटकले. चिमण्या उडाल्या.

मग त्यांनी खांद्यावरचा हिरवा रुमाल काढला आणि पाटलांच्या डोळ्यांवर गच्च बांधला.

"बाबा, ह्ये काय?"

"बसा तिच्यावर. लगामाला हात लावायचा नाही. ती नेईल तिकडं जायचं, आणेल तेव्हा यायचं."

"लोकं काय म्हणतील?"

"तुम्हाला कुठं दिसणार आहेत लोकं?"

पाटील मुकाट्यानं बसले. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांत खसखस पिकली. पाटलांचे कान तापले, पण गुरूचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती.

गठुडी निघाली. थेट पाण्यात.

उताराची जागा होती, पण खाली गोटे शेवाळलेले. पाटलांनी आयाळ धरली. घोडी एक पाय टाकी, तो चाचपून बघी, मगच दुसरा उचली. मधेच पाटलांचा तोल डावीकडं गेला. ती थांबली. ते सावरून नीट बसेपर्यंत जागची हलली नाही.

योगायोग असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि मुद्दाम उजवीकडं कलून बघितलं.

ती पुन्हा थांबली.

पलीकडच्या काठाला लागली, चढ चढली, बांधावरून वळली आणि एका जागी उभी राहिली. पाटलांनी टाच मारली. हूं नाही की चूं नाही. हात लांब केला तर आंब्याचं खोड लागलं. आपल्याच रानातला आंबा.

आबा इथंच उतरायचे.

शेवटी शेवटी आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. घरचे सगळे म्हणायचे, रानात जाऊ नका. आबा रोज जायचे. रोज धड परत यायचे. मला दिसतंय, असं दरडावून सांगायचे, आणि हैबतरावांना ते खरंच वाटायचं.

घोडीनं बराच वेळ वाट पाहिली. कुणी उतरत नाही म्हटल्यावर आपली आपण परत फिरली.

नदीच्या मध्यावर पाटलांना काकणांची किणकिण ऐकू आली. समोरून विसू कासार येत होता, काकणांच्या पेट्या घोड्यावर लादून.

"पाटील! ह्ये काय नवीन सोंग?"

आणि तेवढ्यात त्याचा घोडा जोरात खिंकाळला.

कासाराचा घोडा नर. खाली माजावरची घोडी. भोवती पाणी, पायाखाली शेवाळ, आणि वर डोळे बांधलेले आपण! एकदा उधळला की घोडा, घोडी, पाटील आणि काकणं, सगळ्यांचा एकच काला होणार. त्यांनी आयाळीत तोंड खुपसलं आणि पिराला, खंडोबाला, दोघांनाही एकदमच हाक मारली.

घोडा पुन्हा खिंकाळला. फुरफुरला. खुरानं पाणी उडवलं.

काकणं मात्र नुसती किणकिणत होती.

"चल राजा, चल," विसू म्हणाला. किणकिण अगदी जवळ आली, पाटलांच्या गुडघ्याला घासून गेली, आणि हळूहळू मागं पडली.

एकही काकण फुटल्याचा आवाज आला नाही.

गठुडी चिंचेखाली येऊन उभी राहिली, तरी पाटील उतरेनात. बाबांनीच रुमाल सोडला. तो ओला झाला होता.

"पाणी उडालं वाटतं," बाबा म्हणाले.

"न्हाई बाबा. रडलो." पाटलांनी नाक ओढलं आणि लगेच हसलेही. "आबांना दिसत नव्हतं. हिनं नेलं, हिनंच आणलं. आन् आमी म्हनायचो, म्हाताऱ्याची नजर चांगली हाय."

बाबांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

"माझं चुकलं. हिच्या पोटी हिच्यासारखंच पायजे. बुटकं तर बुटकं. हसू द्या पोरांना."

"मग? तिघांतला कुठला?"

"तिघंबी नगंत."

बाबांनी भुवया उंचावल्या.

"विसू कासाराचा," पाटील म्हणाले. "घोडी पुढ्यात, तरी पाठीवरची काच सांभाळली त्यानं. असला नर अख्ख्या बाजारात न्हाई. आत्ता जातो, विसूला गाठतो."

ते तरातरा चार पावलं गेले. मग थबकले, डोकं खाजवलं आणि पडल्या चेहऱ्यानं परत आले.

"काय झालं?"

"बाबा, एक घोटाळा हाय..." पाटलांचा आवाज खाली गेला. "त्या घोड्याच्या डोळ्याखाली भोवरा हाय. लई वाईट खूण. घरात रडारड आणतो म्हणत्यात."

बाबांनी इकडं तिकडं पाहिलं. गठुडी चिंचेचा पाला खात होती. बाबा पाटलांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले,

"मग तिला सांगू नका."