चोरलेल्या वाटेचा शाप

एका राज्यात मूल जन्मले की राजवाड्यातल्या पिंपळावर त्याच्या नावाचे एक पाखरू जन्माला येई. पाखराला त्या माणसाचा स्वभाव आतून बाहेरून ठाऊक असे. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी सारे राज्य वेशीबाहेर जमे आणि ज्याचे त्याचे पाखरू त्याला सांगे, की यंदाचा ऋतू कुठे घालवायचा. सेनापतीने सात लढाया मारलेल्या. त्याचा कावळा त्याला कुणीही मुजरा न करणाऱ्या एका कुरणात धाडी, आणि सेनापती तिथे गवतात उताणा पडून राही. राजवैद्याची साळुंकी त्याला जत्रेला पाठवी, आणि वर्षभर लोकांना पथ्ये सांगणारा तो गृहस्थ तिथे पोट फुटेस्तोवर भजी खाई. सगळे टवटवीत होऊन परतत.

राजाला दोन कन्या. राणी कधीच निवर्तलेली, त्यामुळे दोघींना बाप म्हणजे सर्वस्व. धाकट्या तरंगिणीचा राघू दर वर्षी नवे ठिकाण सांगे. थोरल्या मंदारमालेचा होला मात्र दर वर्षी एकच घोकी, "आत्यासाहेबांचा गाव, तळ्याकाठची ओसरी." खरे सांगायचे तर मंदारमालेला ती ओसरी जिवापाड आवडे. पण परतल्यावर आपला प्रवास भरल्या दरबारात सांगायचा रिवाज होता, आणि तिथे सगळे बिनसे. तरंगिणी तीन तीन दिवस बोले. राजा सिंहासनाच्या कडेला सरकून ऐके, हसता हसता डोळे पुसे. मंदारमालेची पाळी आली की ती म्हणे, तळ्यात पाणी चांगले होते. राजा मायेने मान हलवी आणि तांबूल मागवी.

मंदारमालेला बहिणीचा हेवा वाटे. साधासुधा नव्हे, जेवताना घास घशात अडकावा असा. बापाला आपल्याकडे एकदा तसे सरकताना पाहावे, एवढेच तिला हवे होते. आणि एवढे मागणाऱ्या माणसाच्या हातून काय काय होते, ते पुढे ऐकाच.

वेशीबाहेर निवडुंगाच्या बनात त्रिजट नावाचा मांत्रिक राही. भर दुपारी ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मांत्रिका, माझ्या बहिणीच्या राघूचा बोल माझ्या होल्याच्या कंठात घाल."

"घालतो. पण परक्या वाटेवर तीन मुक्काम आहेत. ज्या मुक्कामी तुझे मन रमणार नाही, त्या मुक्कामी तुझी बहीण थोडी थोडी दगड होईल."

"आणि उतारा?"

"भरल्या दरबारात चोराने कबूल करावे, की चोरलेले आपल्याला मानवले नाही. आजवर कुणी केलेले नाही."

"माझे मन रमेल," मंदारमाला म्हणाली. तिला ते खरेच वाटत होते.

सीमोल्लंघनाच्या दिवशी होल्याने ढगांच्या डोंगराचे नाव घेतले, आणि राघू आत्यासाहेबांचा गाव म्हणाला. तरंगिणी चकित झाली. पण पाखराचा शब्द मोडायची रीत नव्हती. ती मुकाट्याने तळ्याकडे गेली.

ढगांच्या डोंगरावर प्रत्येक ढगाची ख्यालीखुशाली विचारल्यावाचून वाट मिळत नाही. मंदारमालेला अनोळखी माणसांशी बोलताना घाम फुटे, मग ढगांचे काय सांगावे. तरी तिने दोनशे ढगांना घरची मंडळी बरी आहेत ना म्हणून विचारले आणि शिखर गाठले. तिथे सूर्य हाताला लागत होता. तिला घेरी आली. हे बाबांना कसे रंगवून सांगावे, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

"धाकटी गुडघ्यापर्यंत दगड झाली," होला म्हणाला.

"फिरून फिरून शिणलेले पाय आहेत, विसावतील," मंदारमाला म्हणाली. असे ती बोलली खरी.

दुसरा मुक्काम नाचऱ्या नगरात. तिथली घरे रोज गल्ली बदलतात, आणि भेटेल त्याच्याबरोबर नाचल्यावाचून बाहेरचा दरवाजा सापडत नाही. मंदारमाला एका कुंभाराबरोबर नाचली, दोन म्हाताऱ्या बहिणींबरोबर नाचली, एका उंटाबरोबरही नाचली. तिचे कपाळ ठणकत होते. रोज जागच्या जागी सापडणारा एखादा खांब टेकायला मिळावा म्हणून जीव कासावीस झाला. होला म्हणाला, धाकटी कमरेपर्यंत दगड झाली. त्या रात्री तिला जेवण गेले नाही. पण परत फिरावे तर दरबारात सांगणार काय? ती पुढे निघाली.

तिसरा मुक्काम सप्तरंगी समुद्र. तो एका माशाच्या पाठीवर बसून ओलांडायचा असतो, आणि कुठे नेणार ते मासा कधी सांगत नाही. नऊ दिवसांनी तिने काठावर पाय ठेवला.

"गळ्यापर्यंत," होला म्हणाला. "तोंड तेवढे उरले आहे. दरबार उठला की तेही जाईल."

दरबार भरला. सोळा भोयांनी तरंगिणीला पालखीतून आणून मधोमध ठेवले. राजा तिच्यापाशी बसून रडत होता, वैद्य हात चोळत होता. आणि मंदारमालेच्या मनात काय यावे? दगड झाली तरी सगळ्यांचे डोळे हिच्याकडेच. रागारागाने ती उभी राहिली आणि सांगू लागली. ढगांची खुशाली सांगितली, उंटाचा नाच सांगितला, माशाच्या पाठीवर बसून समुद्रात निघाल्याचे सांगितले. एकेक मान तिच्याकडे वळली. दुःखात बुडालेला राजासुद्धा तिच्याकडे सरकला. ज्या क्षणासाठी तिने एवढे केले, तो समोर होता, आणि तो तिला फार गोड लागला.

तेवढ्यात तरंगिणीने विचारले. हनुवटी दगडाची होऊ लागली होती, पण डोळे लखलखत होते.

"ताईसाहेब, मग माशाने कुठे कुठे नेले?"

त्या डोळ्यांत हेव्याचा लवलेश नव्हता. पालखीत जखडलेली ती पोर समुद्रावर कधीच पोचली होती, आणि जी खरोखर जाऊन आली तिच्यापाशी सांगायला काही नव्हते.

"मला ठाऊक नाही," मंदारमाला म्हणाली. "मी नऊ दिवस डोळे मिटून बसले होते."

दरबारात कुजबुज झाली. राजा मागे सरकला. ते तिने पाहिले, आणि पाहूनही बोलली, "ही वाट तुझी होती. हेव्यापोटी मी चोरली. मला त्यातले काहीच मानवले नाही."

दगडाला तडे गेले आणि तो पालखीत भुगा होऊन पडला. पिंपळावर राघू राघूसारखा आणि होला होल्यासारखा बोलू लागला. आणि परक्याचा बोल चोरून देणाऱ्या त्रिजटाची निवडुंगाच्या बनात वाचा गेली.

तरंगिणी उठली. ताईला न भेटता ती दाराबाहेर पळाली आणि सगळ्या नगराला धावत फेरी मारून मगच परतली.

"ताईसाहेब, मी तुमच्यावर रागावले आहे," ती धापा टाकत म्हणाली. "तो राग काही लवकर जाणार नाही. पण नाचऱ्या नगराची वाट सांगा."

मंदारमालेने वाट सांगितली. कोणत्या वळणावर कुंभार भेटतो, उंटाबरोबर नाचताना कोणता पाय आधी टाकायचा, काही लपवले नाही. हेवा अजून टोचत होता. तरी तिने शेवटचा दरवाजा कुठे सापडतो तेही सांगितले.

तरंगिणीला जशी तिची वाट परत मिळाली, तशी ऐकणाऱ्या सर्वांना आपापली मिळो.